पस्तीसच्या वर नको

नंदुरबारात सायकलीत हवा भरायची तर वाहिद मिस्त्रीकडे जा, असं लोक चाळीस वर्षं सांगत आलेत. तो वाहिद मिस्त्री मीच. लोक असंही सांगतात की मिस्त्री तापट आहे. आहे, नाही कोण म्हणतो? अर्ध्या हवेची सायकल दुकानापुढून जाताना दिसली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी हाक मारून त्याला थांबवतो, हवा भरतो आणि वर चार शब्द ऐकवतो. माझ्या पंपाला काटा नाही. माझा अंगठाच काटा. टायर दाबायचं, अंगठा जराही आत गेला नाही की समजायचं, झाली हवा. अब्बा मला हेच शिकवून गेले. ढिल्या हवेची सायकल गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे पाहुण्याला कच्ची भाकर वाढणं, असं ते म्हणायचे.

आता धीरजचं सांगतो. तापीकाठच्या रूपचंद पाटलांचा हा मुलगा. गुजर लोक, केळी आणि ऊस. शाळेत होता तेव्हापासून सायकल घेऊन माझ्याकडे यायचा, आता तिशीला आला तरी येतो. मला चाचा म्हणतो. पोरगा हुशार, पण तोंडावर बोलणारा. म्हणजे होता. तीन वर्षांपूर्वी भरल्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर तो मला म्हणाला, "चाचा, या चेनमध्ये एक कडी जास्त झाली." झाली होतीच. पण मी त्याच्याशी चार महिने बोललो नाही. मधे ईद आली, त्याच्या घरून केळीचा घड आला. घड ठेवून घेतला, पण बोललो नाही. अख्तरबानो, आमची बायको, म्हणाली, "केळी गोड लागली ना? मग त्या पोराशीही जरा गोड बोला." तरी मी हटलो नाही. शेवटी मीच एक दिवस त्याला चहाला बोलावलं. त्यानंतर धीरजनं दुकानात माझी चूक काढली नाही. मला वाटायचं, पोरगा सुधारला.

या धीरजला वेड लागलं कच्च्या रस्त्यांचं. गेले दोन हिवाळे तो सायकल घेऊन खांडबाऱ्यापासून तापीपर्यंत हिंडत होता. डांबरी सोडून. मुरमाच्या वाटा, टेकड्यांच्या कडेच्या पायवाटा, नेसू नदीच्या काठची गाडीवाट, शेताशेतांतल्या पांदणी. जिथे वाट कुणाच्या बांधावरून जाते तिथे त्या माणसाला भेटून, बसून, पाणी पिऊन परवानगी घ्यायचा. असं करत करत त्यानं चौसष्ट किलोमीटरचा रस्ता जोडला. त्यात डांबरी फक्त नऊ. एकदा मला मोबाइलवर दाखवला. नागमोडी रेघ होती नुसती. पण बोट फिरवत तो सांगत गेला, इथे चढ, इथे नाला, इथून पहिल्यांदा तापी दिसते, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मी हातातला पाना खाली ठेवून ऐकत बसलो.

घरी मात्र रूपचंद पाटील कावले होते. केळीला पाणी कोण देणार आणि हा सायकलीवर गावं मोजत फिरतो. शेवटी बापलेकांत ठरलं. नाशिकच्या एका सायकल क्लबची दोन माणसं रस्ता बघायला येणार होती. त्यांना पसंत पडला तर डिसेंबरात साठ सायकली या रस्त्यानं येतील आणि मग दरवर्षी येतील. नाही पडला तर धीरजनं सायकल विकायची आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. आई तापीबाईसमोर त्यानं बापाला शब्द दिला. मला हे सांगताना हसत होता, पण बोटं सारखी ब्रेकशी खेळत होती.

नोव्हेंबरात ती माणसं आली. ललित सर, पन्नाशीचे, सडपातळ, आणि प्रतिभा मॅडम, बँकेत नोकरीला. दोघंही डांबरीवर शेकडो किलोमीटर मारणारी. पण या नव्या सायकली त्यांनी त्याच महिन्यात घेतल्या होत्या. हँडल खाली वाकलेलं, टायर जाड, गाठीगाठींचं. ग्रॅव्हल सायकल म्हणतात. आगगाडीतून आणायच्या म्हणून चाकं काढून, हवा सोडून पिशवीत घातलेल्या. धीरज त्या दुपारी माझ्या दुकानात घेऊन आला, स्वतःचीही त्यांच्यासोबत ठेवली. पाहुण्यांना सांगितलं, "आमचे मिस्त्री. यांच्यासारखा हात अख्ख्या जिल्ह्यात नाही." ललित सर म्हणाले, "मग डिसेंबरात मिस्त्री हेच." मी नुसती मान हलवली. आतून मात्र फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

पाहुणे खोलीवर गेल्यावर धीरज माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "चाचा, पस्तीसच्या वर नको. अंगठा जरासा आत जावाले पाहिजे."

मी "हं" म्हटलं.

तो गेला. मी पाहुण्यांच्या सायकली जोडल्या, ब्रेक बसवले, गिअर लावले. मग हवा भरायला घेतली आणि थांबलो. अंगठा आत जाणारी हवा? माझ्या दुकानातून? नाशिकचे लोक उद्या सकाळी टायर दाबून बघणार आणि म्हणणार, हाच का तो हात? पस्तीस पौंड म्हणे! इंटरनेटवर वाचलं असेल कुठेतरी. मी पंपावर पाय मारत राहिलो, अंगठा दगडावर ठेवल्यासारखा लागेपर्यंत. तिन्ही सायकलींची सहाही चाकं.

सकाळी माझ्या मुलाच्या, मुजाहिदच्या, लोडिंग रिक्षात सायकली घालून आम्ही खांडबारा स्टेशनवर पोचलो. ललित सरांनी टायर दाबलं. "वा! काय हवा भरलीय!" म्हणाले. मी मुजाहिदकडे बघितलं, ऐकलंस का, अशा अर्थानं. धीरजनंही प्रतिभा मॅडमच्या सायकलीचं टायर दाबलं. मग माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. "पाणी भरून आणतो," म्हणाला आणि आपली सायकल घेऊन टाकीच्या मागे गेला. पाणी भरायला सायकल कशाला लागते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिले नऊ किलोमीटर डांबरी. सायकली अशा पळाल्या की मुजाहिदला रिक्षा दामटावी लागली. मग रस्ता सुटला आणि मुरूम सुरू झाला. रिक्षा आत जाऊ शकत नव्हती, म्हणून आम्ही गावरस्त्यानं फिरून पुढे सतराव्या किलोमीटरला, एका पुलाशी थांबलो. बराच वेळ कुणी येईना. मुजाहिद म्हणाला, "अब्बा, तुमची हवा इतकी टाइट, उडून गुजरातेत तर नाही गेले?" मी त्याला गप्प बसवलं.

आले तेव्हा दोघांचे चेहरे उतरले होते. ललित सर हात झटकत होते. "मुंग्या आल्यात हो. दात वाजतायत नुसते. प्रत्येक खडा हाडापर्यंत येतो." त्यांचं मागचं टायर एका दगडावर फाटकन फुटलं होतं, सायकल त्यांनी तशीच ढकलत आणली होती. मी ट्यूब बदलली, टायर आतून तपासलं आणि पुन्हा हवा भरली. पुन्हा तशीच टणक.

धीरज माझ्या बाजूला उभा होता. हळू आवाजात म्हणाला, "सर, थोडी हवा काढून बघायची का?"

मी पंप आपटला. "हवाले काय व्हयनं? हवा मी भरेल शे!"

तो लगेच मागे सरला. ललित सर म्हणाले, "नाही नाही, हवा कमी नको. रिमला मार बसतो. मिस्त्रींचं काम चोख आहे." आणि मी, हे सांगताना अजून लाज वाटते, मी वरून म्हणालो, "सायकलीचं काही नाही सर. या रस्त्यात खडीच फार आहे."

धीरजनं ऐकलं. सायकलीवर टांग टाकली आणि पुढे निघाला.

पुढचा थांबा एकोणतिसाव्या किलोमीटरला, वाहरूच्या नाल्याशी. वाहरू म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. खांडबाऱ्याच्या बाजाराला मी पंप आणि पेटी घेऊन बसतो, तिथे तो दर आठवड्याला यायचा. त्याच्या शेताच्या बांधावरून धीरजची वाट नाल्यात उतरते, पलीकडे चढते आणि मग नेसूच्या काठाला लागते. कापूस वेचायला बाया असतील तर सायकलीवरून उतरून चालायचं, एवढी एकच अट वाहरूनं घातली होती. त्या दिवशी तो स्वतः नाल्याकाठी उभा होता, सायकलच्या कॅरिअरला गवताचा भारा बांधून. पाहुणे बघायला थांबला होता.

धीरज आधी उतरला, व्यवस्थित. मागून प्रतिभा मॅडम. उतारावर गोटे सुटे होते. पुढचं चाक एका गोट्यावर टणकन उडालं, मग दुसऱ्यावर घसरलं आणि मॅडम आडव्या झाल्या. आम्ही सगळे धावलो. देवाची कृपा, हाड शाबूत होतं. कोपर सोललं, गुडघ्यातून रक्त आलं. वाहरूनं घरून पाणी आणलं. मॅडम धीराच्या, रडल्या नाहीत.

ललित सरांनी हेल्मेट काढलं आणि दगडावर बसले. थोड्या वेळानं धीरजला म्हणाले, "हे बघ, मेहनत तुझी खूप आहे. पण स्पष्ट बोलतो. तुला सवय आहे म्हणून तुला जमतं. साठ माणसं या रस्त्यावर आणली तर निम्मी दवाखान्यात जातील. हा सायकलीचा रस्ता नाही. इथून डांबरी किती लांब?"

"तीन किलोमीटर," धीरज म्हणाला. "त्या निंबापासून उजवीकडे."

बस. एवढंच. दोन हिवाळे त्या एका वाक्यात संपवले त्यानं. भांडला नाही, समजावलं नाही. आपली सायकल रिक्षाला टेकवून ठेवली आणि मॅडमच्या जखमेवर पट्टी बांधायला बसला. मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगू? त्याहून जास्त राग येत होता. पोरगा असा गप्प का? बोल ना काहीतरी!

तो राग काढायला समोर वाहरूच सापडला. सवयीनं मी त्याच्या सायकलीचं टायर दाबलं. अंगठा बदकन आत. "काय रे! परवाच्या बाजाराला हवा भरून दिली मी तुला. गेली कुठे?"

वाहरू ओशाळला. घरी तो मावची बोलतो, माझ्याशी बाजारातली मराठी. "गेली नाही मिस्त्री. मी सोडली. दर वेळी सोडतो. आंब्याच्या वळणावर."

"सोडतो? का?"

"तुझ्या हवेनं नाल्यात सायकल उड्या मारते. गवत पडतं, मी पण पडतो. आमच्याकडचे सगळेच सोडतात. तुला दिसलं तर तू ओरडशील, म्हणून वळण गेल्यावर."

सगळेच. किती वर्षं? मी बाजारात पाय दुखेस्तोवर हवा भरत होतो आणि ही माणसं वळणावर जाऊन सोडून देत होती, माझ्या तोंडाला भिऊन. आणि मग एकदम टाकीमागे गेलेला धीरज आठवला. मी रिक्षाजवळ गेलो. त्याच्या सायकलीचं पुढचं टायर दाबलं. अंगठा जरासा आत गेला. मागचं दाबलं. तेवढाच.

त्याला सकाळीच कळलं होतं. आपल्या चाकाची हवा त्यानं सोडली होती आणि पाहुण्यांची तशीच ठेवली होती. कारण ती सोडायची तर, का सोडतोय, हे सांगावं लागलं असतं.

मी त्याला बाजूला बोलावलं. "तू माले सांगं काबरं नही?"

"काल सांगेल व्हतं ना, चाचा."

"आज काबरं नही? सकाळी, सगळ्यांसमोर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते. "सगळ्यांसमोर? तुम्ही परत चार महिना माले बोलशात नही." मग खाली बघून म्हणाला, "पण बाई पडल्या. तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं मी. चुकलंच."

कुणी कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं. एका कडीपायी धरलेला अबोला या पोरानं तीन वर्षं मनात ठेवला होता, आणि आज त्या भीतीपोटी आपला रस्ता सोडून द्यायला निघाला होता. मी कसला चाचा?

गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. ललित सर डांबरीला लागले असते, माझं नाव शाबूत राहिलं असतं, डिसेंबर आलाच नसता. हे सगळं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. मग मी पेटी उचलली आणि ललित सरांसमोर जाऊन उभा राहिलो.

"सर, रस्ता खराब नाही. हवा जास्त आहे. या पोरानं काल मला आकडा सांगितला होता, पस्तीस. मी ऐकलं नाही. माझ्या घमेंडीत दुप्पट भरली. मॅडम माझ्यामुळे पडल्या."

मुजाहिद रिक्षातून खाली उतरला. बापाला असं बोलताना त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

मी धीरजकडे वळलो आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चूक मन्ही शे. रस्तानी नही."

मग उकिडवा बसलो आणि वॉल्वची पिन दाबली. फुस्स करून हवा निघाली. चाळीस वर्षांत भरलेल्या, चांगल्या चाकाची हवा मी स्वतःच्या हातानं कधी काढली नव्हती. दर थोड्या वेळानं थांबून अंगठ्यानं बघत होतो, पण अंगठ्याला कळत नव्हतं. त्याला एकच माप ठाऊक होतं. शेवटी धीरज शेजारी येऊन बसला, त्यानं दाबून बघितलं आणि मान हलवली. दोन सायकली, चार चाकं, प्रत्येक चाकाला आम्ही दोघांनी हात लावला.

प्रतिभा मॅडम उठल्या. ललित सर नको नको म्हणत असताना सायकल वर नेली आणि त्याच उतारावरून पुन्हा खाली आल्या. चाक गोट्यांवरून दबत दबत आलं, एकदाही उडालं नाही. नाला ओलांडून पलीकडच्या चढावर गेल्या, तिथे थांबल्या आणि ओरडल्या, "सर, अहो या! ही सायकलच वेगळी आहे!"

वाहरू माझ्याकडे बघून हसत होता. मी त्याला म्हटलं, "हस, हस. तुझाच दिवस आहे."

तिथून तापीपर्यंत पस्तीस किलोमीटर ते कुठेही अडकले नाहीत. नेसूच्या काठानं, ज्वारी-कापसाच्या बांधांवरून, दोन टेकड्या चढून. जिथून तापी पहिल्यांदा दिसते तिथे आमची रिक्षा जाऊ शकत नाही. पण मॅडमनी मोबाइलवर फोटो काढला होता. खाली रुंद पाणी, काठाला केळीच्या बागा, आणि धीरज सायकलीला टेकून उभा. फोटोत तो हसतोय.

तापीबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. रूपचंद पाटील पाहुण्यांना वाढत होते, पण कान ललित सरांकडे. जेवण झाल्यावर सर म्हणाले, "रस्ता घेतला. डिसेंबरचा शेवटचा रविवार." पाटलांनी नुसतं "बरं" म्हटलं, आत गेले आणि परत आले ते केळीचा अख्खा घड घेऊन. तापीबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

मग सर माझ्याकडे वळले. "मिस्त्री, राग मानू नका. पण मेकॅनिक आम्ही आमचा आणू."

धीरज बोलायला उठला. मी त्याचा हात दाबून त्याला खाली बसवलं. "बरोबर आहे सर," म्हणालो. बरोबरच होतं. पण लागलं. परतताना रिक्षात मुजाहिदनं एकदाही थट्टा केली नाही, त्यावरून समजा किती लागलं असेल.

आठ दिवसांनी धीरज दुकानात आला. संध्याकाळची वेळ, पाच-सहा गिऱ्हाइकं. त्याचं मागचं चाक पंक्चर होतं. मी पंक्चर काढलं, ट्यूब बसवली, हवा भरली. जपून भरली होती, माझ्या मते. त्यानं टायर दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. दुकान भरलेलं होतं. तोच चेहरा, टाकीमागे जातानाचा. मी हात पुसत उभा राहिलो आणि मनातल्या मनात म्हणालो, बोल रे बाबा, बोल.

"चाचा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हवा जास्ती व्हयनी."

गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. आता मिस्त्री काय करतो, बघत होती. कानशिलं तापली माझी, सवय कुठे जाते? मी खाली बसलो, वॉल्वची टोपी काढली, पिनेवर नख ठेवलं.

"किती काढू?" मी विचारलं. "तू सांग."

तो माझ्याजवळ उकिडवा बसला, टायरवर हात ठेवून. हवा निघत राहिली. तो "बस" म्हणाला आणि मी थांबलो.